प्रोटीन बार घरी करा, पण आधी वजनकाटा काढा

प्रोटीन बार विकत आणण्यापेक्षा घरी केला तर स्वस्त पडतो आणि तब्येतीलाही चांगला, असं आता सगळेच सांगतात आणि मलाही ते पटतं, पण एका अटीवर. त्या बारमध्ये प्रोटीन नेमकं किती आहे हे करणाऱ्याला माहीत पाहिजे. बहुतेक रेसिप्यांमध्ये हा आकडाच नसतो. ओट्स किती, खजूर किती, फ्रिजमध्ये किती वेळ ठेवायचं, वरून चॉकलेट कसं ओतायचं हे सगळं असतं, पण एका बारमध्ये किती ग्रॅम प्रोटीन आणि किती कॅलरी हे नसतं. विकतच्या बारवर आपण चिडतो की नावाला प्रोटीन आणि आत नुसता गोडवा, आणि घरच्या बारला मात्र कोणी काही विचारतच नाही, घरचा आहे ना म्हणजे चांगलाच असणार. हे मला खटकतं.

नेहमीची रेसिपी घ्या. १०० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम पीनट बटर, १०० ग्रॅम खजूर, ५० ग्रॅम मध. सगळं मिसळायचं, ट्रेमध्ये थापायचं, थंड झालं की कापायचं. चवीला छान लागतं, त्यात वादच नाही. आता हिशोब करू. ओट्समधून साधारण १३-१४ ग्रॅम प्रोटीन, पीनट बटरमधून २४ च्या आसपास, खजुरातून २, मधातून जवळजवळ काहीच नाही. म्हणजे एवढ्या साडेतीनशे ग्रॅमच्या गोळ्यात मिळून ४० ग्रॅम. कॅलरी मात्र १४०० च्या घरात. दहा बार पाडले तर एकात ४ ग्रॅम प्रोटीन आणि १४० कॅलरी. एक ग्रॅम प्रोटीनच्या ४ कॅलरी होतात, म्हणजे १४० पैकी १६ कॅलरी प्रोटीनच्या, टक्केवारीत साधारण ११.

हे ११ टक्के कमी की जास्त हे कशावरून ठरवायचं, तर युरोपियन युनियनचा २००६ सालचा एक नियम आहे, अन्नपदार्थांच्या पाकिटावर काय दावे करता येतात त्याबद्दलचा. त्यात सरळ मोजमाप दिलंय, पदार्थाच्या एकूण कॅलरीतल्या निदान १२ टक्के प्रोटीनमधून येत असतील तरच 'प्रोटीनचा स्रोत' म्हणता येतं आणि निदान २० टक्के असतील तर 'भरपूर प्रोटीन' म्हणता येतं. आपली ही लाडकी रेसिपी यातल्या पहिल्या पायरीलाही पोचत नाही. एका उकडलेल्या अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन असतं आणि कॅलरी ७०-७५. म्हणजे अंड्यापेक्षा कमी प्रोटीन, आणि कॅलरी दुप्पट. हा पदार्थ वाईट अजिबात नाहीये, लांबच्या सायकलिंगला किंवा डोंगर चढायला निघालात तर खिशात असावाच, पण तो एनर्जी बार आहे. प्रोटीनसाठी खायचा असेल तर रेसिपी बदलावी लागेल.

आणि बदलणं अवघडही नाही. मध काढून टाका. ओट्स ८० ग्रॅम, पीनट बटर १०० (फक्त शेंगदाण्याचं, साखर न घातलेलं), खजूर ८०, आणि १०० ग्रॅम व्हे प्रोटीन पावडर (चीज-पनीर करताना सुटणाऱ्या दुधाच्या पाण्यातून काढलेली), त्यात गोळा होईल इतपत पाणी. आता एकूण प्रोटीन ११५ ग्रॅमच्या आसपास जातं आणि कॅलरी दीड हजाराच्या जवळ, म्हणजे प्रोटीनचा वाटा ३० टक्के. याचे आठ बार केले तर एकात १४ ग्रॅम प्रोटीन आणि १९० कॅलरी. व्हे नको असेल किंवा परवडत नसेल तर तेवढीच स्किम मिल्क पावडर घाला, तिच्यात १०० ग्रॅमला ३५-३६ ग्रॅम प्रोटीन असतं आणि एकूण वाटा २० टक्क्यांच्या आसपास पोचतो. फक्त तिच्यातलं निम्मं वजन दुधाच्या साखरेचं, लॅक्टोजचं असतं हे लक्षात ठेवा, ज्यांना ते पचत नाही त्यांचं पोट लगेच सांगतं. दूधच नको असेल तर तेल काढलेल्या सोयाबीनचं पीठ, त्यात प्रोटीन ५० टक्क्यांच्या जवळपास असतं, पण ते नीट भाजलेलं पाहिजे कारण कच्च्या सोयामध्ये प्रोटीन पचायला अडथळा आणणारे घटक असतात आणि न भाजता केलेल्या बारमध्ये ते तसेच राहतात.

इथे अजून एक मुद्दा आहे जो रेसिप्यांमध्ये सहसा येत नाही. ओट्स आणि शेंगदाणे दोन्हीत प्रोटीन आहे, पण प्रोटीन ज्या अमिनो ॲसिड नावाच्या तुकड्यांचं बनलेलं असतं त्यातलं लायसिन दोन्हीत कमी पडतं, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढत नाही. दूध आणि सोया या दोन्हीत लायसिन भरपूर असतं. म्हणून दुधाची पावडर किंवा सोयाचं पीठ घातलं की आकडा तर वाढतोच पण आधीच्या ओट्स-शेंगदाण्यांचं प्रोटीनही शरीराच्या जास्त कामी येतं. थोडक्यात त्या एका वाटीने पूर्ण बारची पत वाढते. चिया, जवस, बदामाचे काप हे वरून भुरभुरवण्याने तेवढं होत नाही, ते चांगले पदार्थ आहेत पण चमचाभर बियांमधून येऊन येऊन प्रोटीन किती येणार.

विकतच्या बारबद्दल बोलताना लोक घटकांची यादी वाचून दाखवतात, ग्लिसरीन, माल्टिटॉल, सोया लेसिथिन, कॉर्न फायबर, आणि म्हणतात बघा किती केमिकल. मला हा युक्तिवाद कच्चा वाटतो. ते घटक तिथे का आहेत हे विचारायला हवं. व्हे प्रोटीन हळूहळू आजूबाजूचं पाणी ओढून घेतं आणि बार ठेवून ठेवून दगडासारखा कडक होतो. हा बार कारखान्यातून गोदामात, तिथून दुकानात आणि दुकानातून तुमच्या बॅगेत असा महिनोन्महिने फिरणार असतो, तोवर तो मऊ राहिला पाहिजे आणि त्याला बुरशीही लागली नाही पाहिजे. ग्लिसरीन दोन्ही कामं करतं, बार ओलसर ठेवतं आणि ते पाणी असं धरून ठेवतं की जंतूंना वापरता येत नाही. जंतूंना वापरता येईल असं पाणी किती, याच्या ० ते १ मधल्या मापाला फूड सायन्समध्ये वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात, ०.६ च्या खाली कुठलेच जंतू वाढत नाहीत आणि ०.८५ च्या खाली आजार करणारे जंतू सहसा वाढू शकत नाहीत. म्हणजे यादी लांब होण्याचं मोठं कारण टिकाऊपणा हे आहे. घरच्या बारला हे ओझंच नाही. तो आठवड्यात संपणार. घरच्या बारचा खरा फायदा माझ्या मते हाच, त्याला लवकर संपायची मुभा आहे म्हणून तो चार-पाच घटकांत होऊ शकतो.

आणि हा धंदा मुळात स्वयंपाकघरातूनच सुरू झाला आहे हे विसरू नये. कॅनडाचा मॅरेथॉनपटू ब्रायन मॅक्सवेल १९८३ च्या एका शर्यतीत शेवटच्या टप्प्यात पार गळून गेला, त्यानंतर आहारशास्त्राची विद्यार्थिनी जेनिफर बिडल्फला सोबत घेऊन त्याने कॅलिफोर्नियात बर्कलीच्या घरी मिश्रणं करून बघितली आणि १९८६ मध्ये पॉवरबार आला. सायकलपटू गॅरी एरिक्सनने आईच्या स्वयंपाकघरात बार बनवून बघितले आणि १९९२ मध्ये वडिलांच्या नावावरून क्लिफ बार काढला. दोन्ही कंपन्या नंतर बड्या फूड कंपन्यांकडे गेल्या, पॉवरबार २००० साली नेस्लेकडे आणि क्लिफ २०२२ मध्ये माँडलीझकडे. पण बघा, दोघांचीही सुरुवात दमणाऱ्या शरीराला तासन्‌तास ताकद पुरवण्यासाठी होती, खेळाडूंसाठी. आज तोच पदार्थ खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला चार वाजताचा स्नॅक म्हणून विकला जातो आणि आपणही तसाच घरी करतो, तेवढाच गोड, तेवढ्याच कॅलरीचा, आणि मग म्हणतो वजन का उतरत नाहीये.

गोडाबद्दल तर स्पष्टच बोललं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे की फ्री शुगर्स, म्हणजे मुख्यतः पदार्थात वेगळी घातलेली साखर, एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असाव्यात, ५ टक्क्यांच्या आत ठेवल्या तर आणखी चांगलं. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम. आणि या फ्री शुगर्समध्ये मध येतो, सगळी सिरप्स येतात, फळांचे ज्यूस येतात. 'रिफाइंड शुगर फ्री' असं लिहून वाटीभर मध किंवा मेपल सिरप ओतणाऱ्या रेसिप्या खूप आहेत आणि त्या लोकांची दिशाभूल करतात, मग त्या कितीही चांगल्या मनाने लिहिलेल्या असोत. अख्खा खजूर बरा, त्याच्यासोबत फायबर येतं, पण त्याच्याही वजनात जवळपास दोन तृतीयांश साखरच असते म्हणून तोही मोजूनच घालायचा. उलट बाजूला, विकतचे 'शुगर फ्री' बार माल्टिटॉलसारख्या शुगर अल्कोहोलवर चालतात, ते जास्त झालं तर पोट बिघडतं, इतकं की युरोपात १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पाकिटावर जुलाब होऊ शकतात अशी सूचना छापावी लागते. घरी तुम्ही गोड कमी करू शकता, एवढी साधी गोष्ट आहे. पहिल्यांदा कमी गोड लागेल, दोन-चार वेळा खाल्लं की जीभ जुळवून घेते. मीठ चिमूटभर घाला, शेंगदाणे खरपूस भाजून घ्या, कोको घाला, चव गोडाशिवायही येते.

आता स्वस्त पडतं का. पडतं, पण लोक चुकीच्या गोष्टीला भागतात. सामानाचा खर्च भागिले बारची संख्या, बस्स झालं, आणि मग विकतच्या बारच्या किमतीशी तुलना. घरचा बार ३५ ग्रॅमचा ४ ग्रॅम प्रोटीनवाला आणि विकतचा ६० ग्रॅमचा २० ग्रॅमवाला, यांची तुलना होणार कशी. सामानाच्या खर्चाला एकूण प्रोटीनच्या ग्रॅमने भागा, विकतच्या बारच्या किमतीला त्याच्या प्रोटीनच्या ग्रॅमने भागा, आणि मग दोन आकडे शेजारी ठेवा. असं केलं की दिसतं की शेंगदाणे, सोया, दुधाची पावडर यांचा बार बहुतेक वेळा सहज जिंकतो, कारण पाकीट, जाहिरात, वाहतूक, दुकानाचं मार्जिन काहीच त्यात नाही. पण बदाम, पिस्ते, महागडा व्हे आयसोलेट (जास्त शुद्ध केलेली व्हे पावडर), डार्क चॉकलेटचा जाड थर असं सगळं घालत गेलात तर फरक झपाट्याने कमी होतो. मुळात बार हाच प्रकार स्वस्त प्रोटीन नाहीये. वाटीभर दही, दोन अंडी, ग्लासभर दूध (२५० मिलीमध्ये ८ ग्रॅम) हे ज्याला शक्य आहे त्याने तेच घ्यावं. बार कामाचा आहे तो बाहेर असताना, जिथे हे काही हाताशी नसतं.

खर्चात एक गोष्ट कोणीच धरत नाही, ती म्हणजे वेळ, आणि कोणाचा वेळ. घरी करा हा सल्ला ऐकायला निरागस वाटतो पण घरी करतं कोण? बहुतेक घरांत जी व्यक्ती आधीच तीन वेळचं बघते आहे तिच्याच माथी हे नवीन काम येतं, आणि ती बहुतेक वेळा बाईच असते. जिमला जातो मुलगा, प्रोटीनचा हिशोब करतो मुलगा, आणि खजूर बिया काढून वाटते आई. ज्याला प्रोटीन बार पाहिजे त्याने स्वतः करावा. खरंच अवघड नाही, भट्टी लागत नाही, वीस मिनिटांचं काम आहे, एक मोठं भांडं, एक वजनकाटा, एक चपटा डबा. आधी पावडर आणि ओट्स कोरडेच मिसळायचे, मग पीनट बटर थोडं कोमट करून आणि खजूर वाटून त्यात घालायचा, पाणी एकेक चमचा, कारण व्हे पाणी लगेच पिऊन टाकतं आणि एक चमचा जास्त झाला की लगदा होतो. दाबून बसवायचं, दोन तास फ्रिजमध्ये. स्वतःच्या हाताने केलं की आत काय गेलं तेही कळतं, आणि घरच्या बारचा अर्धा फायदा तर त्यातच आहे.

सुरक्षिततेचं मात्र हलक्यात घेऊ नका. प्रिझर्व्हेटिव्ह नाही हे अभिमानाने सांगतो तेव्हा त्याचा अर्थ तो टिकणार नाही असाही होतो. सुका खजूर, पीनट बटर, पावडर यांचा बार फ्रिजमध्ये आठवडाभर व्यवस्थित राहतो, पण त्यात केळं, दूध, फळांचा गर घातला की पाणी वाढतं आणि तो दोन-तीन दिवसांतच संपवायचा पदार्थ होतो. जास्त केले तर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. आणि दुसऱ्याला देताना, विशेषतः शाळेत किंवा ऑफिसात, आत शेंगदाणे आहेत, दूध आहे, सोया आहे हे आधी सांगा, डब्यावर चिठ्ठी लावा. विकतच्या पाकिटावर ॲलर्जीची सूचना असते, घरच्यावर नसते, आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीने जीव जाऊ शकतो.

किती प्रोटीन लागतं याबद्दल फार ताणत नाही. निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या आसपास ही किमान गरज धरली जाते, नियमित व्यायाम करणाऱ्याला त्यापेक्षा बरंच जास्त. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये. ज्याच्या जेवणातून गरज भागते त्याला बारची गरज नाही, त्याने भूक लागली की फळ खावं.

आता विकतच्या पाकिटांचा प्रश्न, कारण सगळे काही घरी बार करणार नाहीत आणि करावेत असा माझा आग्रहही नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात 'प्रोटीन' छापायचं असेल तर त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात दोन गोष्टी सक्तीने असाव्यात असं मला वाटतं, एकूण कॅलरीत प्रोटीनचा वाटा किती आणि ते प्रोटीन कशातून आलं. दुसरी गोष्ट का, तर प्रोटीन मोजायची जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत प्रोटीन थेट मोजतच नाही. डेन्मार्कच्या योहान केल्डालने १८८३ मध्ये काढलेली ही पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्याला साधारणपणे ६.२५ ने गुणून प्रोटीन काढलं जातं. नायट्रोजन कुठून आला हे तिला कळत नाही. याचा सगळ्यात भयानक गैरफायदा २००८ मध्ये चीनमध्ये उघड झाला, दुधात मेलामाइन हे नायट्रोजन भरपूर असलेलं कारखान्यातलं रसायन मिसळून प्रोटीनचा आकडा फुगवला गेला आणि लहान मुलांच्या किडन्या निकामी झाल्या, काही बाळं दगावली. तो गुन्हाच होता. पण कायद्यात बसणारे मार्गही आहेत. जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेलं कोलाजेनच घ्या. ते प्रोटीनच आहे, आकड्यात धरलं जातं, आणि बऱ्याच बारमध्ये असतं, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो ॲसिड जवळजवळ नसतंच, म्हणून प्रोटीनचा दर्जा मोजायच्या पीडीसीएएएस या मापात कोलाजेनला शून्य गुण मिळतात. दर्शनी आकड्यात मात्र व्हेचे २० ग्रॅम आणि अर्धे कोलाजेनचे २० ग्रॅम सारखेच दिसतात. अमेरिकेत प्रोटीनचा दावा केला तर दर्जा धरून दुरुस्त केलेली टक्केवारी द्यावी लागते, पण ती मागच्या तक्त्यात, बारीक अक्षरात, आणि दुकानात उभं राहून किती जण पाकीट उलटून बघतात?

कंपन्या म्हणतील दर्शनी बाजूला एवढी जागा नसते, ग्राहक गोंधळेल. अमेरिकेतल्या आरएक्सबारने पाकिटाच्या पुढच्या बाजूलाच घटक मोठ्या अक्षरात छापले होते, अंड्याचा पांढरा भाग इतक्या अंड्यांचा, बदाम इतके, काजू इतके, खजूर इतके. लोक गोंधळले नाहीत, उलट ते एवढं खपलं की २०१७ मध्ये केलॉगने ती कंपनी ६० कोटी डॉलरला विकत घेतली. म्हणजे जागाही होते आणि धंदाही होतो.

आणि हीच सक्ती, कायद्याने नाही तरी आपसात, रेसिपी लिहिणाऱ्यांनी स्वतःवर घालून घ्यावी. नाव प्रोटीन बार द्यायचं असेल तर खाली तीन आकडे द्या, एका बारचं वजन, त्यातलं प्रोटीन, त्यातल्या कॅलरी. वाटी आणि चमच्याऐवजी ग्रॅम लिहा, कारण पीनट बटरचा चमचा कोणाचा सपाट असतो आणि कोणाचा शिगोशीग, आणि तेवढ्यानेच शंभर कॅलरींचा फरक पडू शकतो. प्रोटीनचा वाटा १२ टक्क्यांच्या खाली येत असेल तर त्याला एनर्जी बार म्हणा किंवा नुसता ओट्सचा बार म्हणा, खाणारे आवडीने खातीलच, आणि ज्याला स्नायूंसाठी, आजारातून उठल्यावर किंवा वाढत्या वयात प्रोटीन खरंच हवंय तो त्याच्या भरवशावर राहणार नाही.